एकवीस क्विंटल रहिवासी

माणूस हजारो वर्षं घरात राहत आला. पण ‘राहणे’ म्हणजे नेमकं काय, हे कोणी लिहून ठेवलं नाही. आपल्या संस्कृतीतला हा फार मोठा हलगर्जीपणा म्हणावा लागेल. तो दूर करण्याचा मान पाचोरा आणि अमळनेर यांच्या मधल्या एका नगरपंचायतीला मिळाला. (गावाचं नाव देत नाही. वेशीवरच्या पाटीवरही ते सध्या वाचता येत नाही. तिच्यावर वाढदिवसाचे तीन फलक आहेत.) नगरपंचायतीने ‘किमान निवास मानके व व्याख्या नियमावली’ काढली, पानं चौसष्ट, आणि अंमलबजावणीसाठी कुंदन नावाचा निवास निरीक्षक कंत्राटावर नेमला.

कुंदन जळगावचा, पिंप्राळ्याकडचा. शिक्षण स्थापत्याची पदविका, वय सव्वीस, स्वभाव नको तितका सरळ. नियमावली त्याने दोनदा वाचली होती. लिहिणाऱ्यांपेक्षा एकदा जास्त, असं कार्यालयात म्हणत.

आणि नियमावली होतीच वाचण्यासारखी. ‘खिडकी’ म्हणजे भिंतीतील उघडता येईल असे भोक. (बंद करता यावं, असा आग्रह नाही.) ‘नियमित पाणीपुरवठा’ म्हणजे ठरावीक अंतराने येणारे पाणी. गावात पाणी दर अकरा दिवसांनी न चुकता येतं, तेव्हा हा प्रश्न कागदावर पहिल्याच दिवशी सुटला. ‘शयनकक्ष’ म्हणजे कुटुंब जेथे झोपते ती जागा. आणि ‘रहिवासी’ म्हणजे निवासी खोलीत सलग नव्वद दिवस मुक्काम असलेला जो कोणी वा जे काही. हे ‘जे काही’ एका नगरसेवकाच्या आग्रहाने आलं. त्याच्या प्रभागात शेळ्या घरात बांधतात आणि शेळ्यांवर अन्याय होऊ नये, असं त्याचं म्हणणं होतं. (शेळ्यांचे मालक मतदार होते.) सभागृहाने एकमताने बाक वाजवले.

तपासणी एप्रिलमध्ये सुरू झाली. पारा चव्वेचाळीसवर. आता खानदेशात एप्रिल लागला की घरोघरची माणसं खाटा, गोधड्या आणि पाण्याचा माठ घेऊन जी गच्चीवर चढतात, ती मृग लागल्यावरच खाली उतरतात. लहान पोरालाही ठाऊक असलेली ही गोष्ट नियमावली करणाऱ्यांच्या लक्षात आली नाही. तेही गच्चीवरच झोपत होते. पण त्यांना ती गच्ची वाटत होती, शयनकक्ष नव्हे.

पहिल्या आठवड्याचा अहवाल असा: तपासलेली घरं एकशे बारा. शयनकक्षाला छत नसलेली, एकशे नऊ. उरलेल्या तीन घरांपैकी एकाला जिना नव्हता, एकात गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि एका घरात नवराबायकोचं भांडण चालू असल्यामुळे नवरा खाली झोपत होता. म्हणजे मानकांची पूर्तता करणारं सुखी कुटुंब गावात सापडलं नाही. वायुवीजनाचे गुण मात्र सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळाले.

दुसऱ्या आठवड्यात कुंदन निंबा आबांच्या घरी पोचला. सकाळचे सात वाजले होते. आबा ओट्यावर बसले होते, त्यांच्या पत्नी सुनंदाबाई गोधड्या घेऊन जिन्यावरून उतरत होत्या.

घर चांगलं होतं. पुढे बैठक, मागे स्वयंपाकघर, आणि मधे एक खोली. खोली म्हणजे काय वर्णावी: बारा बाय चौदा, खाली नवी फरशी, पंखा, दोन खिडक्यांना बारीक जाळी. चार वर्षांपूर्वी लेकीच्या, चारुलताच्या लग्नात जावयासाठी बांधलेली. जावई तिथे दोन रात्री राहिले. त्यानंतर दर दिवाळीला तिथे कापूस येतो. यंदाचा एकवीस क्विंटल, जमिनीपासून खिडकीच्या वरपर्यंत, पांढराशुभ्र, भाव येण्याची वाट पाहत पसरलेला.

“आते भाव नही,” आबा म्हणाले. “भाव येऊ द्या, मंग काढसूत.”

“रोज हाईच ऐकस मी,” सुनंदाबाई म्हणाल्या आणि गोधड्या खाली टाकून थेट कुंदनकडे वळल्या. “भाऊ, मनी पोर आखाजीले येई राहिनी. पयलं बाळंतपण शे. तिले मी गच्चीवर निजाडू का? आठवा महिना, त्यात हाई जिना. तुमना पुस्तकमा काही लिखेल शे का बायतीन बाईसाठी?”

कुंदनने पुस्तक चाळलं. बाळंतिणीसाठी नव्हतं. पण बाईचं म्हणणं त्याला मनापासून पटलं होतं. त्या कापसातले बारीक किडे चावून आबांच्या आणि सुनंदाबाईंच्या हातांवर खाजवून खाजवून चट्टे उठले होते, ते त्याला दिसत होते. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, अठरा दिवस राहिले होते. तेवढ्यात खोली रिकामी झाली पाहिजे, हे त्याने मनाशी धरलं.

“अक्का, काळजी नका करू,” तो म्हणाला. “नियमाने बघतो.”

आणि त्याने नियमाने बघितलं. तिथेच घात झाला.

कारण मानकं एकेक करून तपासली तेव्हा त्या खोलीत काही खोट निघेना. ओल? आबांनी पावसाळ्यापूर्वीच भिंतींना डांबर लावून घेतलं होतं. उंदीर? कापसासाठी खास मांजर पाळलेलं होतं. आगीपासून सुरक्षितता? दाराशी वाळूच्या दोन बादल्या, आणि आबा स्वतः बिडी ओढायला दोनशे पावलं चालत चिंचेखाली जात होते. (हेच आबा बायकोला दमा असताना वीस वर्षं चुलीपाशी बसून बिडी ओढत आले.) अपुरी जागा, कोंदट हवा, गैरसोय असं काही कापसाच्या वाट्याला आलेलं नव्हतं. मुक्काम दिवाळीपासून, म्हणजे नव्वदच्या पुष्कळ पुढे.

याउलट कुटुंब सगळ्याच रकान्यांत नापास.

कुंदनने मुख्याधिकाऱ्यांना विचारलं. साहेबांनी चहा संपवला आणि म्हणाले, “व्याख्येप्रमाणे लिहा. आपण व्याख्येला बांधील आहोत, परिस्थितीला नाही.”

दाखला आठ दिवसांनी आला. गावातला पहिलाच, गोल शिक्क्यासह. ‘घर क्रमांक ४१७. निवासी खोली: मानकांनुसार योग्य. रहिवासी: कापूस, एकवीस क्विंटल. तात्पुरते मुक्कामी: निंबा व सुनंदाबाई, गच्ची.’ खाली नियम चौदा छापलेला: वैध रहिवाशास नव्वद दिवसांच्या नोटिशीशिवाय हलवता येणार नाही.

आबांचा आनंद काय सांगावा. त्यांनी दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि चहाच्या टपरीवर नेऊन चौघांना वाचायला लावला. “आते सरकारच म्हणस, हालवू नका,” ते सांगत होते. “मी काय करू? कायदा शे.”

कुंदनला तोंड दाखवायची लाज वाटली. तरी तो गेला, कारण दाखल्याची पोच घ्यायची होती. सुनंदाबाई ओट्यावर बसून दाखला वाचत होत्या. सातवीपर्यंत शिकलेल्या, त्यामुळे सावकाश वाचत आणि काही सोडत नसत.

“भाऊ,” त्यांनी विचारलं, “हाई ‘तात्पुरते मुक्कामी’ म्हंजे पाव्हना ना?”

“तसंच म्हणायचं, अक्का.”

“आनि पाव्हनासाठी काही नियम?”

होता. नियम बावीस. तात्पुरत्या मुक्कामी व्यक्तीकडून स्वयंपाक, झाडलोट अथवा पाणी भरण्याची अपेक्षा करता येणार नाही. ती जबाबदारी रहिवाशाची राहील. हे कलम एका नगरसेविकेने घातलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्या घरी नणंदा मुक्कामाला येत आणि उठून ताटही धूत नसत, तेव्हा तिला खरं तर उलट कलम हवं होतं. पण मसुदा तिच्या एका नणंदेनेच टाइप केला.

सुनंदाबाईंनी ते कलम दोनदा वाचलं, दाखला घडी घालून आबांच्या हातात दिला आणि ओट्यावरच मांडी ठोकून बसल्या.

“मी पाव्हनी शे,” त्या म्हणाल्या. “रांधाचं काम घरवालानं. सांगा त्याले, आत शे तो.”

पहिल्या दिवशी आबांना ही गंमत वाटली. त्यांनी शेजारहून भाकरी आणली. दुसऱ्या दिवशी शेजारणीने विचारलं, घरात रहिवासी असताना माझ्याकडे कशाला येता? (दाखला सगळ्या गल्लीने वाचला होता, दाखवायचा उत्साह आबांचाच.) मग आबांनी स्वतः भाकरी थापली. तिला कोणत्याही व्याख्येत बसवता येण्यासारखं नव्हतं. सुनंदाबाईंनी पाहुण्यांनी वागावं तसं निमूटपणे दोन घास खाल्ले, “बस झाया, पोट भरनं” म्हणून हात धुतले, आणि पाटलांच्या मळ्यातून आलेल्या दोन केळ्यांवर दिवस काढला.

तिसरा दिवस पाण्याचा अकरावा दिवस निघाला. नळ पहाटे सुटतो, तासभर चालतो. निंबा आबांनी, वय त्रेसष्ट, तीन पिंपं, अकरा हंडे आणि दोन घागरी एकट्याने भरल्या. गल्ली दातांवर ब्रश फिरवत उभी होती. कोणी हसलं नाही, उलट एकाने आपुलकीने विचारलं, “आबा, कापूसनं हात लावा नही का?”

आबांनी हातातली घागर खाली ठेवली. ओल्या धोतराने मधल्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. एकवीस क्विंटल रहिवासी पंख्याखाली पडून होता. दिवाळीपासून त्याने घरात एक काडी हलवली नव्हती, आणि आपण त्याच्यासाठी मांजर पाळलं, बिडी लांब नेली, बायकोला जिना चढायला लावला. आणि पोर येणार म्हणून तर आपण काहीच केलं नाही. आबांना स्वतःचा राग आला. तो त्यांनी व्यापाऱ्यावर काढला: त्याला फोन करून गाडी का पाठवत नाही म्हणून फैलावर घेतलं, जणू तोच सहा महिने आडवा आला होता.

दुपारी गाडी आली, संध्याकाळपर्यंत खोली रिकामी झाली. (नियम चौदाची नव्वद दिवसांची नोटीस कोणी दिली नाही, आणि रहिवाशानेही हरकत घेतली नाही.) चौथ्या दिवशी भाव वाढला. (तो वाढतोच. निंबा आबांनी कापूस विकला, ही बातमी भावाला कशी पोचते, याची चौकशी व्हायला हवी.) आबांनी ते ऐकलं, “बरं” म्हणाले आणि खोली धुवायला बादली उचलली.

आखाजीला चारुलता आली. मधल्या खोलीत तिची खाट, खिडकीला कूलर, उशाशी माठ. ती आत जाऊन टेकली आणि म्हणाली, “आबा, हाई खोली इतली मोठी शे हाई मी आजच देखं.” आबांना फार बरं वाटलं. ते कोणाला दिसू नये म्हणून ते बिडी घेऊन उठले आणि आता गरज नसताना, दोनशे पावलं चालत चिंचेखाली गेले.

कुंदनला मात्र काम लागलं. जुना दाखला रद्द करायचा तर रहिवाशाचा नवा पत्ता हवा होता. त्याने ‘जिनिंग फॅक्टरी’ लिहिला. नवा दाखला देता येईना, कारण आबा-सुनंदाबाई गच्चीवरच होते, आणि चारुलताचे नव्वद दिवस भरायला श्रावण उजाडणार होता. घर क्रमांक ४१७ हे सध्या निर्मनुष्य आहे, अशी नोंद झाली. त्या निर्मनुष्य घरात जूनमध्ये मुलगी झाली आणि गल्लीत पेढे वाटले गेले.

एका रविवारी कुंदन पिंप्राळ्याला घरी गेला. सवय म्हणून त्याने आपल्याच घराचा फॉर्म भरायला घेतला. हॉल: मोठा, दोन खिडक्या, एसी. तिथे सोफा, वास्तुशांतीच्या दिवशी आलेला, अजून कारखान्याच्या प्लॅस्टिकमध्ये. काचेच्या कपाटात एक्कावन्न नगांचा डिनर सेट, मुक्काम नऊ वर्षं, एकही नग हललेला नाही. वडील गॅलरीत झोपतात, आई स्वयंपाकघरात. एसी पाहुणे आले की लावायचा.

“वर्षात किती पाहुणे आले, आई?”

“चौघं,” आई म्हणाली. “पण त्यांना गॅलरीतच बसवलं. सोफा खराब होतो रे.”

कुंदनने दाखला भरला. रहिवासी: सोफा, तीन अधिक एक अधिक एक.

नियमावली आता बाकीची गावंही मागवत आहेत. फॉर्म तुमच्याकडेही येईल, आहे सोपा. पहिलाच प्रश्न आहे: घरातली सर्वांत चांगली खोली कोणाकडे? घाई नाही, आठवून लिहा. निवांत बसून लिहा. पण तिथे नका बसू, जरा इकडे सरका. तिथे कोणीतरी राहतं.