घटाखालची डिक्शनरी

आमच्या मुळाकाठच्या मच्छिंद्रानं नगरहून जाडजूड इंग्रजी डिक्शनरी आणली आणि गावभर सांगून टाकलं, "आता खुद्द साहेब आला तरी अडायचो न्हाई!" आईला, गोजरबाईला, तर रोज ऐकवायचा, "आये, ह्या बुकाच्याच आधारावर आपलं घर उभं राह्यचंय!"

गोजरबाईनं ते फारच मनावर घेतलं. नवरात्रात देवापुढचा पाट डुगडुगायला लागला, तशी तिनं डिक्शनरीला हळदकुंकू वाहिलं आणि तिच्यावरच घट बसवला!

तिसऱ्या माळेला पोस्टमन काकासाहेबांनी इंग्रजी पत्र आणलं आणि वाचूनही दाखवलं. राहुरीच्या एका बियाणं केंद्रात कारकुनाची जागा! पाचव्या माळेला मुलाखत. खाली बारीक अक्षरात सूचना: उमेदवारानं स्वतःची चांगली इंग्रजी डिक्शनरी सोबत आणावी.

मच्छिंद्र थेट देव्हाऱ्याकडं धावला. मॅट्रिक होऊन तीन वर्षं झाली, त्यात हे पहिलं बोलावणं!

"आये, घट उचल!"

"जीभ झडंल मेल्या! दसऱ्याआधी घट उचलत्यात व्हय?"

"अगं, नोकरी जाईल माझी!"

"मग देवीलाच घिऊन चल. पर घट बुकावरनं उतरला तर याद राख!"

झालं! पाचव्या माळेला मच्छिंद्राच्या डोक्यावर डिक्शनरी, डिक्शनरीवर घट आणि मागं तांब्या घेतलेली गोजरबाई, अशी स्वारी एस्टीत चढली. कंडक्टरनं तिकिटाआधी हात जोडले. बायका उठून पाया पडल्या. मच्छिंद्राची मान मोडायला आली, पण काय बिशाद हलवायची!

केंद्रात साहेबांनी बूट काढले. डिक्शनरी उघडायला सांगायची त्यांचीही छाती होईना. घटातलं हिरवंगार धान बघून ते थक्कच झाले.

"अहो, पाच दिवसांत एवढं दाट? आमच्याकडे खतं घालूनही येत नाही! कुणी पेरलं हे?"

"म्या!" गोजरबाई पुढं झाली. "बी भिजवून घ्यायचं, काळी माती चाळायची. अन् खाली इंग्रजी बुक पाहिजे. बूड हललं की मूळ धरत न्हाई."

साहेबांनी ते सगळं लिहून घेतलं. बुकासकट!

"कारकून ढिगानं मिळतात हो," ते म्हणाले, "असा हात कुठं मिळायचा?"

तर मच्छिंद्राचा शब्द खरा झाला. बुकाच्या आधारावर घर अगदी झकास उभं आहे. नोकरीला गोजरबाई जाते, आणि भाकरी मच्छिंद्र थापतो!