रेपूकाकांचा मोर

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. विषय त्या दिशेला वळला की मी उठून पाणी प्यायला जायचो. आता पंच्याहत्तरी उलटली. माणसानं पाणी तरी किती प्यायचं?

गेल्या महिन्यात सून मला एका व्याख्यानाला घेऊन गेली. कोट घातलेला एक गृहस्थ व्यासपीठावर येरझारा घालत सांगत होता, "मला जमत नाही असं कधी म्हणू नका. अजून जमलेलं नाही असं म्हणा." सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. माझं डोकंच फिरलं. हेच वाक्य सोलापुरातल्या चादरीच्या कारखान्यात एक अंगठेबहाद्दर विणकर फुकट सांगायचा, आणि आम्ही शहाण्यांनी त्याला वेडा ठरवला होता. सून म्हणाली, "बाबा, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "घरी चल." राग तिच्यावर नव्हता. त्या कोटवाल्यावरही नव्हता.

त्या विणकराचं नाव नरसय्या. एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षं. हे नरसय्याकाका सोलापूरच्या पूर्व भागात राहायचे, घरी तेलुगू बोलायचे. पन्नाशी गाठलेला काटकुळा देह, कानावर पेन्सिलीचा तुकडा आणि नाकाच्या शेंड्यावर राग. त्यांच्यासमोर 'जमत नाही' म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हटलं की काका माग बंद करायचे. चालू माग! खाड्कन हँडल ओढायचे आणि हातातला धोटा नाचवत त्या माणसाच्या अंगावर जायचे.

"न्हाय जमत? कुणी सांगितलं तुला न्हाय जमत? आज न्हाय आलं म्हण की! आज न्हाय आलं. रेपू!"

रेपू म्हणजे तेलुगूत उद्या. दिवसातून दहादा हा शब्द कानावर आदळायचा, म्हणून अख्खा कारखाना त्यांना रेपूकाका म्हणायचा. तोंडावर म्हणायचा, आणि त्यांना ते आवडायचं.

पन्नासाव्या वर्षी ते सायकल शिकले. रोज सकाळी पाळीआधी भाड्याची सायकल घेऊन मैदानावर जायचे आणि गुडघे फोडून कारखान्यात यायचे. माग जोडून-दुरुस्त करून देणारा आमचा जॉबर बसवराज दारातच विचारायचा, "काय रेपूकाका, आज सायकल वर का तुमी वर?"

"आज सायकल वर. पन डावीकडं पडलो. काल उजवीकडं पडत होतो."

याला ते प्रगती म्हणायचे. दोन महिन्यांनी ते सायकलवरून कारखान्याच्या फाटकातून आत शिरले आणि थेट सुताच्या गाठोड्यांवर जाऊन आदळले, कारण उतरायचं कसं ते अजून शिकायचं होतं.

मग अक्षरं. दुकानाची पाटी दिसली की काका रस्त्यात उभे राहून एकेक अक्षर मोठ्यानं फोडायचे. मागून टांगेवाले शिव्या द्यायचे. काका वळून त्यांनाच विचारायचे, "ह्यो 'क्ष' हाय की 'ज्ञ'?"

चुकांचं तर त्यांना व्यसनच होतं. विणताना नक्षी बिघडली की तो तुकडा बाकीचे विणकर लपवायचे. काका तो मागून घ्यायचे. चूक कशी झाली ते सापडलं की कोपऱ्यावर पेन्सिलीनं खूण करायचे आणि घरी न्यायचे. अशा तुकड्यांची त्यांनी वाकळ शिवली होती आणि तीच ते पांघरायचे. "माजी शाळा हाय ती," म्हणायचे.

आणि माफी मागितली की ते खवळायचे. एकदा न्हाव्याचा वस्तरा त्यांच्या कानाला लागला. बिचारा हात जोडून म्हणाला, "माफ करा काका." काका अर्ध्या दाढीनं उठून उभे राहिले. "माफी ठेव तुझ्या खिशात! मी काय करू माफीचं? कसा लागला ते सांग. हात कुटं सरकला?" न्हावी घाबरून सांगू लागला, तसे काका शांत बसले आणि म्हणाले, "हां. आता दुसरा कान कर."

हा न्हावी मी विसरलो नाही. पुढे त्याची आठवण मला फार छळणार होती.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. विणकामाचा डिप्लोमा घेऊन डिझाइन खात्यात शिकाऊ म्हणून लागलो होतो. आमचं काम असं: आधी चौकटीच्या ग्राफ कागदावर नक्षी रंगवायची, मग ग्राफच्या एकेका ओळीप्रमाणे एकेका पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं पाडायची. ही कार्डं ओळीनं शिवून जकार्ड मागावर चढवली की माग ती वाचतो आणि चादरीवर फूल उमटतं. भोक चुकलं की फूल चुकलं.

माझी पहिलीच नक्षी पार फसली. मालकांनी ती सगळ्यांसमोर फाडली. मी पिशवी उचलून निघालो होतो, तेव्हा फाटकात काका आडवे आले. "कुटं चाललास तम्मी?" तम्मी म्हणजे धाकटा भाऊ. मी म्हटलं, "मला जमणार नाही हे." एवढं म्हटल्यावर मला काय काय ऐकावं लागलं ते लिहीत नाही. त्यानंतर सलग तीन रविवार त्यांनी सुट्टीच्या दिवशी माझे नमुने विणून दिले. तिसरा नमुना मालकांनी घेतला. माझी नोकरी राहिली ती त्या तीन रविवारांमुळे.

पुढच्या वर्षी मालकांनी जाहीर केलं की दिवाळीआधी ज्याची नवी नक्षी उठावदार येईल त्याला डिझायनर करीन. मला वाटलं, जागा माझीच. दुसऱ्या दिवशी काका ग्राफ कागद मागायला माझ्या टेबलापाशी उभे. कारखाना हसून लोळला. मीही हसलो.

अडीच महिन्यांनी त्यांनी मोर आणून माझ्यासमोर ठेवला आणि माझं हसू बंद झालं. असा मोर आमच्या डिप्लोमाच्या मास्तरांनाही आला नसता. पिसारा साधा, पण मान अशी वळवलेली की वाटावं कुणीतरी मागून हाक मारलीय. काका म्हणाले, "कार्डं तू पाड तम्मी. माजा हात अजून बसला न्हाय त्यात."

मी पाडली.

बसवराजनं कार्डं चढवली, माग सुरू झाला, मालक येऊन उभे राहिले. पाय आले. पिसारा आला. आणि मग धड जागच्या जागी, डोकं जागच्या जागी, आणि मान शेजारी वेगळीच उभी! एक क्षण कुणाला काही कळेना. मग बसवराज ओरडला, "रेपूकाका, मोराची मान गड्ड्याच्या जत्रेत हरवली की काय?" मालकसुद्धा पोट धरून हसले. जागा मला मिळाली.

काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. जवळ येऊन हळूच म्हणाले, "कार्डं बगू का एकदा?"

मी म्हटलं, "मालकांनी भट्टीत टाकायला लावली. पण मी दोनदा तपासली होती, काका."

मालकांनी काही सांगितलं नव्हतं. रंगखात्याच्या भट्टीत कार्डं मीच टाकली होती. आणि हो, तपासली होती. दोनदा नव्हे, चारदा. वाईट काम मी फार नीट करतो, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या दिवसापासून काकांचा माग कुणासाठी थांबला नाही. एक पोरगेला विणकर त्यांच्या शेजारी उभा राहून मुद्दाम म्हणाला, "मला नाही जमत बुवा." सगळे मागे वळून वाट बघू लागले. काकांचा धोटा चालूच राहिला. 'रेपू' हा शब्द कारखान्यातून नाहीसा झाला. लोक म्हणाले, बरं झालं, कटकट गेली. त्या लोकांचा मला अजूनही राग येतो, आणि त्यांच्यात सगळ्यात पुढे मी होतो.

संक्रांतीला सगळं सांगून टाकायचं ठरवून मी त्यांच्या घरी गेलो. एक खोली. जमिनीवर मोराचा ग्राफ पसरलेला आणि काका आगकाडीचं टोक टेकवून एकेक चौकट मोजत होते. मला बघून जागा करून दिली. भाकरी आणि शेंगाचटणी पुढ्यात ठेवली.

मी विचारलं, "काका, मोरच का काढला?"

त्यांनी उंबऱ्याकडे बोट दाखवलं. "माजी बायको मोर काढायची. हितं. संक्रांतीला मुग्गू." मुग्गू म्हणजे रांगोळी. "शेवटच्या वर्षी तिला उठवत नव्हतं. म्हणली, आज तुमी काढा की. मी म्हणलो, मला न्हाय जमत." आगकाडी चौकटीवरून हलेना. "उंबरा तसाच रिकामा राहिला. आठ दिवसांत ती गेली. दोन रेघा जरी वाकड्या ओढल्या असत्या ना तम्मी, तर ती हसली असती."

मी हातातली भाकरी खाली ठेवली.

"ह्यात चूक कुटं हाय ते सापडंना," ते ग्राफकडे बघत म्हणाले. "चार येळा मोजला. सापडली असती तर शिकलो असतो. आता वाटतंय, मला न्हाय जमत."

हे तीन शब्द मी त्या माणसाच्या तोंडी घातले. बोलायची वेळ तीच होती. मी पाणी मागितलं, प्यालो आणि म्हणालो, "सापडेल, काका." आणि घरी आलो.

पुढच्या पावसाळ्यात छातीच्या दुखण्यानं ते गेले. मी खांदा दिला. त्यांच्या अंगावर तीच वाकळ होती, आणि मान तुटलेला मोर बरोबर मध्यभागी शिवलेला. त्याच्या कोपऱ्यावर पेन्सिलीची खूण नव्हती.

काका, माफी खिशातच ठेवतो. कसं झालं ते सांगतो. तुमच्या ग्राफमध्ये चूक नव्हती, एकाही चौकटीत नव्हती. कार्ड क्रमांक एकशे बारा ते एकशे तीस. भोकं वीस घरं उजवीकडे सरकवून पाडली. हात सरकला नव्हता, काका. मी सरकवला.