मफिनची नखं आणि माझं डोकं

मी शाळेची बस चालवतो. मागे चाळीस पोरं, बाहेर मिनेसोटाचा बर्फ, एक पोरगं दुसऱ्याच्या टोपीत उलटी करतंय आणि तिसरं खिडकीतून अर्धं बाहेर! अशा वेळी मी आवाज न चढवता म्हणतो, "बसा पाहू." आणि सगळी बसतात. तेव्हा शांत कसं राहायचं हे निदान मला तरी कोणी शिकवू नये.

हेच मी त्या शनिवारी सकाळी मार्लिसला सांगितलं. मार्लिस म्हणजे माझी बायको.

"ऑर्लन, तो बसमधला पोरगा नाहीये," ती म्हणाली. "तो मफिन आहे."

मफिन हा माझ्या वडिलांचा कुत्रा. नावावरून हातात मावेल असं वाटतं, पण हा वासराएवढा आहे. बाबांनी शेत सोडलं आणि ते गावातल्या वृद्धाश्रमात राहायला गेले, तेव्हा मफिन आमच्याकडे आला. बाबांचं बोलणं मात्र कोणाकडेच आलं नाही. ते शेतावरच राहिलं बहुतेक. हॅल्वर टॉर्गरसन हा माणूस गायींशीसुद्धा तासन् तास गप्पा मारायचा, आणि आता मी रोज जाऊन काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "हं."

मफिन भेटायला गेला तर काही फरक पडेल असं आम्हाला वाटलं, आणि पहिल्या भेटीत बाबांचा चेहरा खरंच उजळला. पण मफिननं आनंदाच्या भरात शेजारच्या खुर्चीतल्या आजीबाईंना पंजा दिला. म्हातारपणी कातडी कागदासारखी होते. ओरखडा उठला, रक्त आलं आणि तिथल्या मुख्य नर्सनं, रमोनानं, नियम घालून दिला. आधी नखं छोटी करा, दाराशी मला दाखवा, मगच कुत्रा आत. शनिवारी दुपारी बाबांचा वाढदिवस होता. केक, कॉफी आणि मफिन, असा बेत ठरला होता.

"कुत्र्यांच्या डॉक्टरकडे का नाही नेलंस?" मार्लिसनं विचारलं.

"नेलं होतं. त्यांनी 'पुन्हा आणू नका' म्हणून सांगितलंय."

मग मार्लिसनं फोनवर वाचून दाखवायला सुरुवात केली. "कुत्र्याला आधी नेलकटरचा वास घेऊ द्या. खाऊ द्या. दुसऱ्या दिवशी नुसता पंजा हातात धरा. खाऊ द्या. मग रोज एकच नख कापा."

"वाढदिवस आज आहे."

"ते त्यांना माहीत नसावं," ती म्हणाली.

पण माझ्याकडे युक्ती होती! आमच्या बसडेपोतला प्रत्येक जण या युक्तीची शपथ घेतो. स्वयंपाकघरातला तो पारदर्शक, चिकटणारा प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा, स्वतःच्या डोक्याला कपाळापासून घट्ट गुंडाळायचा आणि त्यावर पीनट बटर थापायचं. कुत्रा कपाळ चाटत बसतो, तुम्ही खाली निवांत नखं कापता. कुत्रा खूश, तुम्ही खूश!

मार्लिसनं बरणीवरची बारीक अक्षरं वाचली. कुत्र्यांना बाधणारी ती नकली साखर त्यात नाही ना, हे बघून घेतलं. मग तिनं मला गुंडाळलं. जरा जास्तच मन लावून गुंडाळलं.

"कसा दिसतोय?"

"उरलेल्या जेवणासारखा," ती म्हणाली.

मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो. मफिन आला, त्यानं हुंगलं आणि चाटायला लागला. काय सांगू! कुत्रा अगदी मेणासारखा झाला. मी हळूच पंजा उचलला. नखं काळी, आतली रक्ताची शीर दिसत नाही, म्हणून फक्त टोक. चट्! एक नख. मफिनला पत्ताच नाही. चट्! दुसरं.

"बघितलंस?" मी म्हणालो. "शांतपणा. हा आतूनच यावा लागतो."

तेवढ्यात कागद घसरला. मफिनची जीभ त्याच्याखाली गेली आणि अख्खी टोपी माझ्या डोळ्यांवर आली. मला काही दिसेना. शहाण्या माणसानं इथे थांबायला हवं होतं. मी म्हटलं, तिसरं नख हातात आहेच, अंदाजानं घेऊ. चट्!

मफिन कुरकुरलासुद्धा नाही, कारण मी माझा अंगठा कापला होता.

आता एक गोष्ट सांगायला हवी. दुसऱ्याचं रक्त मी बघू शकतो. बसमध्ये फुटलेली नाकं मी हसत पुसतो. स्वतःचा मात्र एक थेंब बघितला की माझी बत्ती गुल होते. मी कागद वर सरकवला, अंगठ्याकडे बघितलं, "मार्लिस" एवढंच म्हटलं आणि आडवा झालो.

मार्लिस धावली. कुत्र्याच्या नखातून रक्त आलं तर दाबायला कॉर्नफ्लोअर जवळ ठेवा, असं त्या फोनवर लिहिलं होतं, म्हणून पुडा हाताशीच होता. तिनं तो माझ्या अंगठ्यावर उपडा केला. अर्धा माझ्या तोंडावर सांडला. मफिन कर्तव्यदक्ष प्राणी, त्यानं काम थांबवलं नव्हतं. माझ्या उशाशी बसून तो डोकं चाटत होता.

नेमकी त्याच वेळी आमची शेजारीण आर्डिस केकचं भांडं परत द्यायला मागच्या दाराशी आली. दाराला काच आहे. तिला काय दिसलं असेल, तुम्हीच विचार करा. जमिनीवर मी, पांढराफटक. डोक्याला गुंडाळलेलं, त्यावर लालसर तपकिरी काहीतरी लडबडलेलं. शर्टावर रक्त. कुत्र्याचं तोंड माझ्या डोक्यात. आणि गुडघ्यांवर बसलेली मार्लिस, जी खरं तर हसत होती, पण पाठमोरं हसणं आणि रडणं सारखंच दिसतं.

दुसऱ्या कुठल्या मुलखातली बाई दार ठोठावून विचारती, काय झालं म्हणून. आर्डिस आमच्या गावची. लोक अशा परिस्थितीत असताना मध्ये पडणं बरं नव्हे, म्हणून तिनं भांडं पायरीवर ठेवलं, आवाज न करता घरी गेली आणि चर्चच्या प्रार्थनेच्या साखळीला फोन लावला.

ही साखळी म्हणजे आमच्या गावाची सर्वांत वेगवान गोष्ट. पहिली बाई दुसरीला फोन करते, दुसरी तिसरीला, आणि ज्याच्यासाठी प्रार्थना चाललीय तो माणूस उठून बसायच्या आत सगळं गाव डोळे मिटून बसलेलं असतं.

मी उठून बसलो. अंगठ्याला पट्टी बांधली. दारावर टकटक झाली. बाहेर चर्चमधल्या दोन बायका, हातात गरम हॉटडिश. खाली खिमा, मध्ये मशरूमचं सूप, वर कुरकुरीत बटाट्यांचा थर. आमच्याकडे हॉटडिश घरी आली की समजायचं, घरात कोणीतरी गेलंय किंवा निघालंय.

"मार्लिस, काही बोलू नकोस," एक म्हणाली. "फक्त गरम करून खा."

मी आतून ओरडलो, "मी ठीक आहे!"

दोघींचे चेहरे पडले. चूक माझीच. आमच्या गावात "मी ठीक आहे" हे वाक्य फक्त शेवटच्या टप्प्यात म्हणतात. माझे नेल्सकाका छातीवर गुरं बांधायचा खांब पडलेला असताना हेच म्हणाले होते. साधी सर्दी झाली तर आम्ही "तसं काही फार वाईट नाही" म्हणतो. ठीक आहे म्हणजे संपलंच.

"आणि..." दुसरीनं आवाज खाली आणला, "कुत्र्याचं काय केलंत?"

"तो आत झोपलाय," मार्लिस म्हणाली.

"अजून घरातच? किती मोठं मन गं तुमचं."

त्या गेल्या आणि मार्लिस माझ्याकडे वळली. तिचं हसणं कुठल्या कुठे गेलं होतं. "ऑर्लन, त्यांना वाटतंय की मफिननं तुझं डोकं फोडलं."

"मग मी सांगतो त्यांना..."

"तू काही सांगू नकोस. तू ठीक आहेस म्हणालास की आणखी दोन हॉटडिश येतात."

आल्याही! ओट्यावर जागा उरली नाही. एक शिलाई मशीनवर ठेवावी लागली. पण माझं लक्ष खाण्यात नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की रमोनाही त्याच चर्चमध्ये येते. चावणारा कुत्रा म्हटल्यावर नखं छोटी असोत नाहीतर मोठी, मफिन पुन्हा बाबांच्या खोलीचं दार बघणार नव्हता. आणि बाबा आयुष्यभर "हं" म्हणत बसणार.

फोन वाजला. रमोनाच!

"ऑर्लन? तू स्वतः बोलतोयस?"

"हो, मी..."

"देवाची कृपा. जास्त बोलू नकोस. हे बघ, कुत्र्याला आज आणू नका. खरं म्हणजे आता कधीच नको. हॅल्वरला मी सावकाश सांगेन."

"त्यांना अजून काही सांगितलं नाहीस ना?"

"नाही. पण इथल्या सगळ्या आजीबाई जेवणाच्या खोलीत तुझ्यासाठी प्रार्थना करताहेत. त्याला वाटतंय, वाढदिवसाचीच आहे."

मी फोन ठेवला, डोक्यावरचा कागद ओरबाडून काढला, केसांतलं पीनट बटर झाकायला लोकरीची टोपी चढवली आणि मफिनला गाडीत घातलं. मार्लिस एक हॉटडिश मांडीवर घेऊन शेजारी बसली. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणाली. वाटभर मफिन मागच्या सीटवरून माझी टोपी काढत होता आणि मी ती पुन्हा घालत होतो.

वृद्धाश्रमाच्या दारात रमोना उभी होती, कमरेवर हात ठेवून. मी टोपी काढली. मफिन दोन पायांवर उभा राहिला, पुढचे पंजे माझ्या खांद्यांवर टाकले आणि सगळ्यांदेखत माझं डोकं चाटायला लागला.

"पीनट बटर," मी म्हणालो. "रक्त अंगठ्याचं. तो मी स्वतः कापला. कुत्र्यानं काही केलेलं नाही."

रमोनानं माझं डोकं हुंगलं. मग मार्लिसकडे बघितलं. मार्लिसनं मान डोलावली. अशा बाबतीत माझ्या मूर्खपणावर बायकोनं शिक्कामोर्तब केलं की गाव ते मानतं.

"बरं," रमोना म्हणाली. "आता पंजे दाखव."

दोन नखं छोटी. बाकीची जशीच्या तशी, कुदळीसारखी.

"नाही जमायचं, ऑर्लन. नियम सगळ्यांना सारखा. मला वाईट वाटतं."

मला राग आला नाही. रडू येईल असं वाटलं. छप्पन्न वर्षांचा घोडा, डोक्याला पीनट बटर, आणि दाराच्या अलीकडे कुत्र्याची दोरी धरून उभा. दाराच्या पलीकडे बाबा दिसत होते. खुर्चीत बसलेले, समोर कोमट पाण्याचं घमेलं. शनिवारी रमोना सगळ्यांच्या पायांची नखं कापते, आणि बाबांनी शेत सोडल्यापासून एकदाही कापू दिली नव्हती. मोजा घट्ट वर ओढून बसायचे. आजही तसेच बसले होते.

मफिननं त्यांना बघितलं. एरवी त्यानं दोरी तोडली असती. त्या दिवशी तो उंबऱ्यावर आडवा झाला आणि बारीक आवाजात रडायला लागला.

बाबांनी मान वर केली. मफिनकडे बघितलं, रमोनाच्या हातातल्या त्याच्या पंजाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग वाकले, स्वतःच्या हातानं मोजा काढला आणि पाय घमेल्यात सोडला.

"रमोना," ते म्हणाले, "आधी माझी काप. तो बघू दे."

रमोनाच्या हातून पंजा सुटला. मार्लिसनं माझा दंड पकडला. बाबांचं पुरं वाक्य!

"त्याला जवळ आण," बाबा म्हणाले. "दोरी आखूड धर, म्हणजे कोणाला लागायचं नाही."

रमोनानं नियमाकडे क्षणभर पाठ फिरवली. मी दोरी आखूड धरली. तिनं बाबांचा पाय घमेल्यातून काढून पुसला आणि कापायला घेतलं, आणि बाबा मफिनशी बोलत होते. "हे बघ, हे अंगठ्याचं. जाड आहे. दुखत नाही. आता पुढचं. गोठ्यात खिळा गेला होता ना मला, तोच हा पाय. तू तेव्हा पिल्लू होतास, माझा बूट पळवलास..." मफिन कान उभे करून ऐकत होता. बाबांचे पाय झाले, तशी त्यानं आपण होऊन हनुवटी त्यांच्या मांडीवर टेकली. बाबांनी त्याचा पंजा हातात घेतला आणि रमोनाकडे दिला. चट्, चट्, चट्. एक एक टोक, घाई नाही, पीनट बटर नाही. बाबा बोलत राहिले, गायी, बर्फ, आई, जुना ट्रॅक्टर. इतक्या महिन्यांचं सगळं बोलणं ते त्या कुत्र्याच्या कानात रिकामं करत होते, आणि मला फुकटात ऐकायला मिळत होतं.

जेवणाच्या खोलीतून आजीबाई एकेक करून बाहेर आल्या. ओरखडा उठलेल्या आजी सगळ्यांत पुढे. त्यांनी मफिनचे पंजे बघितले, मग मला बघितलं.

"हॅल्वर," त्या म्हणाल्या, "तुला सांगितलं नव्हतं, पण आम्ही सगळ्या सकाळपासून तुझ्या मुलाच्या डोक्यासाठी प्रार्थना करत होतो."

बाबा थांबले. माझ्या डोक्याकडे बघितलं. केसांत वाळलेलं पीनट बटर, भुवयांवर कॉर्नफ्लोअर, अंगठ्याला एवढी मोठी पट्टी. त्यांनी अगदी सावकाश बघितलं.

"त्याच्या डोक्यासाठी? आत्ता?" ते म्हणाले. "छप्पन्न वर्षं उशीर केलात."

सगळ्यांत मोठ्यानं मार्लिस हसली.

"मी ठीक आहे," मी म्हणालो.

आजीबाईंनी एकमेकींकडे बघितलं आणि पुन्हा माना खाली घालून डोळे मिटले.