टिनावरचा दात

समोरचा दात गेला तरी त्या जागी पक्का दात बसवायचाच, असं ठरवूनच इंदुताई दारव्ह्याच्या दवाखान्यात आल्या होत्या. गावच्या व्यसनमुक्ती मंडळाच्या त्या अध्यक्ष. भर भाषणात कवळी निसटली तर पुढं ऐकणार कोण?

डॉक्टर अर्पितानं दात काढला, वाटीत ठेवला आणि समजावलं, "काकू, खड्डा रिकामा ठेवला तर जबड्याचं हाड झिजतं, मग पक्का दात बसत नाही. म्हणून त्यात हाडाची पावडर भरायची."

"कोनाच्या हाडाची?"

"जनावराच्या. शुद्ध केलेली असते."

"मले नाही पायजे."

"कारखान्यात बनवलेली पण मिळते."

"तेही नको."

"मग तुमचाच दात दळून भरू?"

"हे बरं हाय. घरचं ते घरचं."

डॉक्टरनं त्यांच्या तोंडात कापसाचा बोळा दिला आणि ती शेजारच्या खोलीत यंत्र लावायला गेली. परत येऊन बघते तर वाटी रिकामी. इंदुताईंनी सोबत आलेल्या नवऱ्याकडं डोळे वटारून पाहिलं.

"छपराच्या टिनावर फेकला," घनश्याम शांतपणे म्हणाला. "लहानपनी फेकत नव्हतो का? नवीन येते म्हनून."

"अहो काका, काकू अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत!"

"म्हनून तं जोरात फेकला."

तोंडात बोळा, त्यामुळं बोलायची सोय नव्हती. इंदुताईंनी पदर खोचला, मागच्या अंगणातली शिडी लावली आणि बोळा चावत त्या स्वतःच वर चढल्या. टिनावर दातांचा सडा पडला होता. बाजाराच्या दिवशी येणाऱ्या समस्त नवऱ्यांना हीच अक्कल सुचलेली दिसत होती. बाकीचे उन्हापावसानं विटलेले, ताजे मात्र दोनच, आणि नेमके दोन्ही समोरचे. ते घेऊन त्या खाली उतरल्या.

"औषधानं साफ करता येईल," डॉक्टर म्हणाली, "पण सकाळपासून सात दात काढलेत मी. यातला तुमचा कोणता?"

एक पांढराशुभ्र होता, दुसरा मागून काळाकुट्ट.

"त्यात काय विचारता?" घनश्यामनं छाती फुगवली. "पांढरा हिचा. काळा असन कोन्या खर्रा खानाऱ्याचा. हिनं जन्मात तंबाखूले हात नाही लावला. बारा वर्सं झाली, घरात पाय ठेवाच्या आंधी मले म्हनते, 'खिसे दाखवा.'"

डॉक्टर पांढरा दात घेऊन निघाली. यंत्राचा घर्रर्र आवाज सुरू झाला. इंदुताईंना वाटलं, गप्प राहावं तर कोण्या परक्याचा दात जन्मभर आपल्या जबड्यात, आणि बोलावं तर अध्यक्षपदाची अब्रू जाते! त्यांनी बोळा थुंकला.

"थांब माय! काळा माहा हाय. गोठ्यामांगं लपून दाताले तंबाखूचा गुडाखू घासते मी."

घनश्यामनं आ वासला. डॉक्टरनं दात बदलला, साफ केला, दळला, खड्ड्यात भरून टाका घातला आणि बजावलं, "आता तंबाखू पूर्ण बंद. नाहीतर भरलेलं टिकणार नाही."

"बंद म्हंजे बंद!" इंदुताई ठासून म्हणाल्या.

गावात जीपमधून उतरल्यावर घनश्याम झपाझप पुढं गेला आणि घराच्या उंबऱ्यावर आडवा उभा राहिला. इंदुताई जवळ येताच त्यानं हात पुढं केला.

"पिशवी दाखव."