संस्कारांचे दहा वजा

प्रभाकरराव खांबेटे कुठलाही सिनेमा बघायला बसताना त्याला आधी शंभरपैकी शंभर गुण देऊन टाकतात. पडदा उजळायच्या आत. मग कापत जातात. मुलगा जेवणाच्या टेबलावर बापाला उलट बोलला की संस्कारांचे दहा वजा. कारखान्याचा मालक खलनायक निघाला की उद्योजकतेचे पंधरा. पोलीस बावळट दाखवला तर कायदा-सुव्यवस्थेचे दहा. आणि नायक साहेबाच्या तोंडावर राजीनामा फेकून भर पावसात निघून गेला, मागे व्हायोलिनं वाजली, तर नोटीस पिरियडचे पाच.

"माणूस जन्मतः चांगलाच असतो, सतीश," ते मला एकदा म्हणाले. "पुढे कोणीतरी त्याला सिनेमा काढायला पैसे देतं."

आम्ही इंग्लंडात, रीडिंग गावी शेजारी राहतो. शेजारी म्हणजे अगदी चिकटून. इथल्या पद्धतीने एका घराचे दोन भाग करून दोघांना विकलेले, मधली भिंत सामायिक. त्यांच्याकडे प्रभाकरराव आणि सुमनवहिनी. माझ्याकडे मी एकटा. का, तो या लेखाचा विषय नाही. भिंत जुनी असली तरी पातळ आहे. त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली की मी माझ्याकडे भाताला हात घालतो.

प्रभाकररावांनी मेडनहेडच्या एका विमा कंपनीत ऑडिटमध्ये जन्म काढला. रिटायर झाल्यावर लोक बागकाम करतात, क्रूझवर जातात. यांनी इंटरनेटवर वाहिनी काढली. दर शनिवारी सकाळी नऊला, कोट-टाय घालून, फोन डिक्शनरीवर टेकवून ते एका सिनेमाची उजव्या विचारांनी समीक्षा करतात. राजकारणात ते पक्के निळे, म्हणजे इथल्या उजव्या पक्षाचे. निवडणुकीत भिजत भिजत पत्रकं वाटतात, आणि ज्या घराची कचऱ्याची बिनं दिवसभर रस्त्यावर पडलेली असतात तिथे पत्रक टाकतच नाहीत. 'हे मत आपलं नाही' म्हणतात.

वाहिनीला प्रेक्षक बेताचेच. इथल्या मराठी मंडळातले काही जण, नागपूरचे एक मावसभाऊ, आणि वुल्व्हरहॅम्प्टनचे एक गृहस्थ, ज्यांना मराठीचा गंध नाही पण जे प्रत्येक व्हिडिओखाली 'वेल सेड, सर' असं लिहितात. प्रभाकररावांना ते सर्वांत जाणकार वाटतात.

चोरीच्या सिनेमांवर त्यांचा विशेष राग. नायकाने बँक लुटली आणि सगळं थिएटर टाळ्या वाजवत असलं की हे मागून विचारणार, "आणि प्रीमियम कोणाचा वाढतो?" अंतराळवीर वाट चुकले तर ती सरकारी खात्याची चूक, खासगी कंपनी असती तर परतीचं तिकीट आधीच काढून ठेवलं असतं. प्रेमकथा त्यांना चालते, मात्र शेवटी दोघांनी घर घ्यायला हवं. भाड्याचं असेल तर पाच वजा.

पण त्यांची खरी परीक्षा बघायची ती स्टँड-अपच्या वेळी. अलीकडे ते एक आठवडा सिनेमा आणि एक आठवडा कोणाचा तरी कॉमेडी स्पेशल घेतात. खुर्चीत ताठ बसून, हातावर हात ठेवून, एक तास न हसता बघतात. मी एकदा सोबत बसलो होतो. मी हसलो की ते माझ्याकडे बघायचे, जणू माझ्या खिशातून काहीतरी खाली पडलं. पडद्यावरचा पोरगा आपल्या आईच्या स्वयंपाकाची टिंगल करत होता.

"आईला विचारलं का?" प्रभाकररावांनी पडद्याला विचारलं.

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. विनोदवाला बायकोबद्दल बोलो, आजोबांबद्दल बोलो, कुत्र्याबद्दल बोलो. प्रश्न एकच, आईला विचारलं का. "एक माणूस, एक माईक, आणि घरच्यांची बदनामी," ही त्यांची स्टँड-अपची व्याख्या.

सुमनवहिनी आतून म्हणाल्या, "हसायचंच नाही तर बघता कशाला हो?"

"अभ्यास," प्रभाकरराव म्हणाले.

कसला अभ्यास, हे वहिनींनी विचारलं नाही आणि मीही नाही. कारण आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं वाटत होतं. त्यांची एकुलती एक मुलगी, ऋजुता, नॉटिंगहॅमला असते. मंडळात सांगायचं ते असं, की ती तिथे हॉस्पिटलमध्ये आहे. ते खोटं नाही. दिवसा ती हॉस्पिटलच्या ऑफिसात अपॉइंटमेंट लावते. संध्याकाळी पबांच्या वरच्या मजल्यावर उभी राहून स्टँड-अप करते. त्यासाठी तिने लंडनची चांगली अकाउंटन्सी सोडली, तेव्हा भिंतीपलीकडे मोठं भांडण झालं. मला ते ऐकू आलं; ऐकायचं नव्हतं, पण भिंत आहे ही अशी. प्रभाकरराव म्हणाले होते, "विनोद हा स्वभाव असतो, धंदा नव्हे." ऋजुता म्हणाली होती, "मग तुमच्याकडे दोन्ही नाही." दार आपटलं. त्यानंतर ती आईशी फोनवर बोलायची, बापाशी नाही. बापही फोन करायचे नाहीत. दोघंही खांबेटे.

आता माझं सांगतो. बरेच दिवस सांगायचं होतं.

ऋजुताचं माझ्याशी बोलणं तुटलं नव्हतं. लहानपणापासून ती कुंपणावरून माझ्याकडे बिस्किटं मागायची. एकदा तिने फोनवर सहज विचारलं, "सतीशकाका, बाबांचा काय न्यूज?" मी सांगितलं, की वहिनींनी डिशवॉशर घेऊ या म्हटलं तेव्हा प्रभाकरराव बागेत मला काय म्हणाले: "डिशवॉशर म्हणजे समाजवाद. सगळ्यांची भांडी एका पाण्यात, आणि कोणाचंच नीट निघत नाही." ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. कोणाला तरी हसवायची मला सवय नाही. बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात मी आणखी एक सांगितलं.

मग ते सुरूच झालं. मी काही बोलणारा माणूस नाही. ऑफिसात मीटिंगमध्ये माझं तोंड उघडलं तर लोक कॉल कट झाला की काय ते तपासतात. पण शनिवारी नऊला मी चहा घेऊन भिंतीशी बसू लागलो. समीक्षा ऐकायची, त्यातली वाक्यं निवडायची, ऋजुताला पाठवायची. ती त्या वाक्यांचे जोक करायची. तिच्या स्टेजवर एक बाप तयार झाला, कोट-टायमधला, जगातल्या प्रत्येक गोष्टीतून गुण कापणारा. लोकांना तो आवडला. आणि मी इकडे त्याच बापासोबत कुंपणाशी उभा राहून, त्यांच्याच घरची चकली खात, त्यांचा पुढचा माल गोळा करत होतो. चकली घशाखाली उतरायची. तेच मला जास्त लागायचं.

माझं काम सोपं होत गेलं, हेही खरं. प्रभाकररावांनी रेकॉर्डिंगचं टेबल माझ्या बाजूच्या भिंतीला आणून लावलं. 'इथे वायफाय बरं आहे,' म्हणाले. आणि त्यांना एक नवी सवय लागली होती. चांगलं जमलेलं वाक्य ते दोनदा म्हणायचे, दुसऱ्यांदा सावकाश. मला वाटलं, वय.

त्या दिवसांत त्यांनी एका कार्टूनची समीक्षा केली. पेंग्विनचं एक पिल्लू थंडीला कंटाळून कळप सोडतं आणि स्वप्नं पुरी करायला गरम देशात जातं. प्रभाकररावांनी भराभर गुण कापले. मग म्हणाले, "आणि बाप? बाप तिथेच बर्फात उभा. पायावर अंडं होतं तेव्हाही उभा, आता पायावर काही नाही तरी उभा. त्याच्यावर कोणी सिनेमा काढत नाही. कारण तो कुठे गेलाच नाही." हेही दोनदा म्हणाले. मी पुढच्या जोकची वाट बघत राहिलो. आला नाही. मी तो भाग सोडून दिला आणि गरम देशातल्या टॅक्सबद्दलचं वाक्य तेवढं पाठवलं.

नंतर ऋजुताचा पहिला स्पेशल आला. एका लहान थिएटरात चित्रित केलेला, पूर्ण एक तासाचा, इंटरनेटवर कोणालाही बघता येईल असा. मी आधी बघितला. डिशवॉशर होता, प्रीमियम होता, भाड्याच्या घराचे पाच वजा होते. तासभर प्रभाकररावच होते. लोक हसत होते आणि मी एकेक वाक्य ओळखत होतो. मंडळातल्या कोणीतरी उत्साहाने त्यांच्या व्हिडिओखाली लिंक टाकली आणि विचारलं, काका, या वेळी याची समीक्षा करणार ना?

शुक्रवारी त्यांनी तो बघितला. भिंतीपलीकडून त्यांचा नेहमीचा 'आईला विचारलं का' एकदाही आला नाही. मध्येच कसलातरी खडखड आवाज झाला. मला वॉशिंग मशीन वाटलं.

शनिवारी नऊला मी चहा न घेताच बसलो.

"नमस्कार," प्रभाकरराव म्हणाले. "आजचा कार्यक्रम ऋजुता खांबेटे यांचा. समीक्षकाचं आणि कलाकाराचं आडनाव एकच आहे, याची प्रेक्षकांनी नोंद घ्यावी." ऑडिटचा माणूस. मग गुण कापायला लागले. बापाच्या कोटावरून दहा वजा. बापाच्या इंग्रजीवरून दहा वजा. बापाच्या राजकारणावरून दहा. शंभर संपले तरी थांबेनात. "एकूण गुण, उणे वीस. या वाहिनीवरचे आजवरचे सर्वांत कमी." मग कागद दुमडल्याचा आवाज आला. मग: "बघावा. वेळ पाळली आहे. एक तास म्हणजे एक तास." आणि पुन्हा, सावकाश: "बघावा."

'बघावा' असं त्यांनी यापूर्वी कशालाच म्हटलं नव्हतं.

दुपारी ते बागेत हेज, म्हणजे कुंपणाची झुडपं, कापत होते. मी कुंपणाशी गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणी न विचारता बोललो. सगळं सांगितलं. डिशवॉशरपासून. ते कात्री चालवत राहिले.

"मेडनहेडला तिचा कार्यक्रम होता, मागे एकदा," ते म्हणाले. "मागच्या बाजूला उभा होतो. टोपी घालून. डिशवॉशरचं मी फक्त तुझ्याशी बोललो होतो, सतीश. सुमनशीसुद्धा नाही, तिने घेतलाच असता. इतकी वर्षं ऑडिट केलं. गळती कुठे आहे ते कळतं मला."

मला टेबल आठवलं. दोनदा म्हटलेली वाक्यं आठवली.

"तुम्ही रागावला नाहीत?"

"संस्कारांचे दहा वजा आहेत तुझे. ते राहतील." कात्री थांबली. ते हेजकडे बघत म्हणाले, "पेंग्विनचं तिने घेतलं नाही."

मी कुंपणाची एक सैल फळी दाबून बसवली.

"तू सांगितलं होतंस ना?"

"नाही," मी म्हणालो. "मला वाटलं, ते विनोदी नव्हतं."

"नव्हतंच," प्रभाकरराव म्हणाले, आणि न कापायची एक फांदी कापली.

घरी येऊन मी पेंग्विनचं ते सगळं ऋजुताला पाठवलं. शब्दन् शब्द. नेहमी तिच्याकडून हसण्याची खूण यायची. या वेळी खूप उशिराने एक ओळ आली: 'काका, सॅटरडेला बाबा किती वाजता रेकॉर्ड करतात?'

पुढच्या शनिवारी ती पहिल्या गाडीने आली आणि स्टेशनवरून आधी माझ्याकडे आली. शेजारी जा म्हटलं तर नाही म्हणून मान हलवली. सोफा भिंतीला लावून, बूट न काढता, चहाचा मग दोन्ही हातांत धरून बसली. नऊ वाजले. पलीकडे प्रभाकरराव कुठल्याशा सुपरहिरोची समीक्षा करू लागले. जग वाचवलं ते ठीक, पण पडलेल्या इमारतींचं काय, कौन्सिलची परवानगी कोणी काढायची. मग म्हणाले, "हा माणूस रात्रभर उडतो, आणि त्याच्या आईला वाटतं तो लायब्ररीत आहे. आईला विचारलं का?"

दुसऱ्यांदा ते सावकाश म्हणू लागले आणि ऋजुता हसली. दाबायचा प्रयत्न तिने केला, पण ते हसू खांबेट्यांचं, वॉशिंग मशीनसारखं. भिंतीपलीकडे जाईल इतकं.

पलीकडे वाक्य अर्ध्यावर थांबलं. मग खुर्ची भिंतीच्या आणखी जवळ सरकवल्याचा आवाज आला, घसा खाकरल्याचा आला, आणि प्रभाकरराव तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणाले.