मार्थामावशी बघायला जात नाही

लग्न होऊन माझी बायको सुनंदा आमच्या घरी आली, तेव्हा पहिला आठवडाभर ती मार्थामावशीला आमची कामवाली समजत होती. त्यात तिची चूक नव्हती. सकाळी दार उघडं दिसलं की मावशी आत यायची, मोरीतली भांडी विसळायची, दोरीवरचे कपडे काढून घड्या घालायची आणि जाता जाता माझ्या वडिलांची नखं कापून जायची. शेवटी सुनंदाने आईला हळूच विचारलं, यांना आपण पगार किती देतो? आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मावशीला हे कळलं तेव्हा ती अजिबात रागावली नाही. “तरी मी म्हनते, नवी सून दिवाळीला साडी देनार का नाय,” एवढंच बोलली आणि सुनंदाच्या हातातली मेथीची जुडी ओढून घेऊन निवडायला बसली.

मावशी आमची नातेवाईक नाही. दहिवलीत आमची एका ओळीत घरं आहेत, त्यात शेवटचं घर तिचं. आम्ही बौद्ध, ती ख्रिस्ती. कर्जतच्या एका दवाखान्यात ती आया होती, तिथूनच निवृत्त झाली. तिचे यजमान थॉमसकाका रेल्वेत होते, घाटातल्या गँगमध्ये. ठाकुरवाडीच्या बाजूला रूळ सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मूलबाळ नव्हतं. काका जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

मावशीला पाहुणी म्हणून बसता येत नाही. तुम्ही खुर्ची पुढे केलीत की ती खुर्ची पुसायला घेते. “बसून काय अंडी उबवायचीत?” हे तिचं ठरलेलं वाक्य. बारसं असो, मयत असो, ती शिरते ती थेट मागच्या दाराने. एकदा ओळीतल्या बायकांनी तिला हट्टाने माथेरानला सहलीला नेलं. मावशी, दोन दिवस हात हलवायचा नाही, अशी शपथ घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या जणी पॉइंट बघायला निघाल्या तर मावशी गायब. ती हॉटेलच्या भटारखान्यात कांदे चिरत होती. पुढच्या महिन्यात त्या हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला, त्या बाई सीझनला येतील का म्हणून. बायका वैतागल्या. मावशीने मात्र तो फोन पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना सांगितला.

तर अशी ही बाई परदेशी गेली, त्याची ही गोष्ट. कुठल्या देशात ते मी लिहीत नाही. मावशीने बजावलंय, पुन्हा जायचंय, उगाच नाव घालून घोटाळा करू नको.

लोधिवलीकडे जाताना रस्त्याला लागून तिच्या ख्रिस्ती मंडळीचं एक छोटं प्रार्थनागृह आहे. तिथल्या पाळकांच्या ओळखीतल्या एका डॉक्टरीणबाईंचं त्या देशात, दूर डोंगरात लहानसं रुग्णालय होतं. तिथे माणसं कमी पडत होती आणि पाण्याचा पंप बंद पडला होता. पाळकांनी मंडळीत विचारलं, महिनाभर सेवेला कोण येतं? दोन निवृत्त परिचारिका, एक शिक्षक जोडपं आणि अर्थातच मावशी, अशी माणसं जमली. पंपासाठी मावशीने माझं नाव सांगून टाकलं. कर्जत-चौक रस्त्यावर माझं पंप दुरुस्तीचं दुकान आहे. मुंबईकरांच्या फार्महाऊसमधल्या मोटारी जळतात, त्यावर माझं घर चालतं. मी पाळकांना भेटून म्हणालो, साहेब, मी ख्रिस्ती नाही. ते शांतपणे म्हणाले, पंपही नाही.

पाळक सरळ माणूस. पनवेलच्या एका एजंटने त्यांना सांगितलं होतं की पगार घेणार नसाल तर ते काम धरत नाहीत, पर्यटकाचा व्हिसा पुरतो. त्यांनी विश्वास ठेवला. निघायच्या आधी आम्हा सगळ्यांना बसवून त्यांनी उत्तर घोकून घेतलं. विमानतळावर विचारतील कशाला आलात, तर एकच शब्द बोलायचा, ‘व्हिजिट’. मावशीने अर्थ विचारला. पाळक म्हणाले, भेट द्यायला, बघायला आलो.

“आजारी मानसं बघायची न परत यायचं?” मावशी म्हणाली. “मी बघायला कुटं जात नाय.”

पाळक हसले. आम्हीही हसलो.

ओळीतल्या बायकांनी आपल्या जुन्या सुती साड्या मावशीला दिल्या. तिने त्या फाडून, कडा शिवून बाळंतिणींसाठी दुपट्यांचा मोठा गठ्ठा केला. माझ्या पेटीत पाने, केबल आणि मोटारीचे सुटे भाग होते. सगळं दहिवली आम्हाला पोचवायला रिक्षास्टँडपर्यंत आलं. हार, नारळ, फोटो, सगळं झालं. विमानात जेवण झाल्यावर मावशी उठली आणि पुढच्या मागच्या रांगांतले रिकामे ट्रे गोळा करायला लागली. हवाई सुंदरीने दोनदा हात जोडून तिला जागेवर बसवलं. मावशीचं मत पडलं की पोरगी गोड आहे, पण ट्रे रचायचं वळण नाही.

तिथे उतरल्यावर तपासणीच्या खिडकीत एक अधिकारी बाई बसली होती. पाळक गेले, व्हिजिट म्हणाले, शिक्का बसला. मी गेलो, व्हिजिट म्हणालो, शिक्का बसला. परिचारिकांचं, शिक्षक जोडप्याचंही तेच. मावशी सगळ्यांच्या शेवटी होती. ती नवी साडी नेसून, पदर खोचून खिडकीसमोर ताठ उभी राहिली. बाईने विचारलं, कशाला आलात? मावशी क्षणभर थांबली. मला वाटलं शब्द आठवतेय. मग ती स्पष्ट आवाजात म्हणाली, “वर्क.”

बाईने मान वर केली. “वर्क?”

“येस. वर्क. ऑल वर्क.” आणि कळावं म्हणून मावशीने हातांनी करूनही दाखवलं: चादर झटकणं, पेशंटला कुशीवर वळवणं, अंग पुसणं, लघवीचं भांडं देणं. बाईला आधी हसू आलं. मग तिने फोन उचलून वरिष्ठांना बोलावलं.

त्यानंतर आमच्या पेट्या उघडल्या. माझे पाने आणि केबल टेबलावर मांडल्यावर मला स्वतःलाच मी पर्यटक वाटेना. पाळकांनी खरं ते सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंना फोनही लावून दिला. वरिष्ठ अधिकारी सभ्य होते. ते म्हणाले, तुमचा हेतू चांगला असेल, पण सेवा असली तरी तिला वेगळा परवाना लागतो आणि तो इथे उतरल्यावर मिळत नाही. आधी मारलेले शिक्के रद्द झाले. संध्याकाळच्या विमानाने आम्हाला परत जायचं होतं. तोवर एका खोलीत बसायला सांगितलं.

त्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या आणि आमच्यासारखीच अडकलेली काही माणसं. शिक्षक भिंतीकडे बघत होते. महिनाभराची रजा, तिकिटं, निरोपाचे हार, सगळं एका शब्दाने गेलं असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होतं, आणि प्रत्येक जण मावशीकडे बघायचं टाळत होता.

मावशी थोडा वेळ बसली. मग तिने खुर्च्या एका रेषेत लावल्या. मग कोपऱ्यातल्या ब्लँकेटच्या घड्या घातल्या. सफाईवाली आली तेव्हा तिच्या हातातला मॉप घेऊन मावशी फरशी पुसायला लागली. ती बाई चिडली, तिला वाटलं आपली नोकरी जाते. गोंधळ ऐकून वरिष्ठ अधिकारी आत आले. त्यांनी मॉप पाहिला, मावशीला पाहिलं आणि गंभीरपणे पाळकांना म्हणाले, “बाईंना सांगा, या खोलीतही त्यांना काम करायची परवानगी नाही.”

आमच्यातला एक जण तेवढ्यापुरता हसला. मावशीला अर्थ सांगितला तेव्हा तिने मॉप परत दिला.

खोलीत एक परदेशी तरुण आई होती, कडेवर तान्हं बाळ. बाळ सारखं रडत होतं आणि आईचे डोळे मिटत होते. मावशीने तिच्याकडे जाऊन नुसते हात पुढे केले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आईने बाळ दिलं. मावशीने आपला गठ्ठा सोडला, सुनंदाच्या निळ्या साडीचं दुपटं काढलं, बाळाला कोरडं केलं, गुंडाळलं आणि खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालायला लागली. आई खुर्चीतच झोपून गेली. अधिकारी बाई दारातून बघून गेली, यावेळी तिने वरिष्ठांना बोलावलं नाही. आमचं विमान लागलं तेव्हा मावशीने बाळ परत दिलं आणि सगळा गठ्ठा त्या आईच्या पायाशी ठेवला. तेवढीच आमची त्या देशातली सेवा.

परतीच्या विमानात मावशी हात मांडीवर ठेवून बसली. जेवणाचा रिकामा ट्रे तिच्यासमोर तसाच पडून होता. तो हवाई सुंदरीनेच उचलला.

कर्जतला आल्यावर लोकांनी विचारलं, एवढ्यात कसे? आम्ही सांगितलं. मावशीच्या तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण रविवारी प्रार्थनेनंतर दोघीतिघींत कुजबुज झाली आणि ती तिने ऐकली. दुसऱ्या दिवसापासून ती आमच्याकडे आली नाही. आमच्याकडेच नाही, कुणाकडेच नाही. तिच्या दाराला आतून कडी असायची. सुनंदा म्हणाली, बरं नसेल, चार दिवस आराम करू दे. पण पुढच्या रविवारी ती प्रार्थनेलाही गेली नाही.

त्या रविवारी पाळक मुद्दाम सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले की चूक त्यांची होती. आपण सगळे व्हिजिट म्हणालो, खरं एकटी मार्थाबाई बोलली. रीतसर परवान्यासाठी अर्ज करतोय, डॉक्टरीणबाई तिकडून कागद पाठवतायत, असंही त्यांनी सांगितलं. दुकानात येऊन त्यांनी मला हे सगळं मावशीला कळवायला सांगितलं, कारण त्यांना तिने दार उघडलं नव्हतं.

मी दुपारी दुकान बंद करून गेलो. हाक मारल्यावर कडी निघाली. “ये रं मिल्या,” मावशी म्हणाली. “बस.”

मी बसलो, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की या घरात मी पहिल्यांदाच बसतोय. लहानपणापासून दारात हजारदा आलो असेन, पण मावशी कायम आमच्याकडेच असायची, तिच्याकडे यायची वेळच आली नव्हती. खोली लख्ख होती. एक खाट, एक खुर्ची, भिंतीवर काकांचा फोटो आणि क्रूस. कुठे एक कपडा लोंबत नव्हता, एक भांडं उष्टं नव्हतं.

मी पाळकांचा निरोप सांगितला. तिने ऐकून घेतला आणि चहा ठेवला. कप माझ्या हातात देऊन ती खाटेच्या कडेला टेकली.

“मी काय लई खरं बोलनारी बाई नाय रं,” ती म्हणाली. “पाळकांना उगाच वाटतं. ते पयल्या दिवशी बोलले ना, तितं मानसं कमी हायेत, तेवडंच मी धरून बसले. मानसं कमी हायेत म्हंजे आपन लागनार. त्या बाईनं इचारलं तवा मला बघायला आले असं बोलवंना.”

मी म्हणालो, मावशी, तू तर इथेही सगळ्यांना लागतेस.

“नाय रं. इतं मी नसले तरी चालतं. आता नवते, तर चाललंच ना?” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती खोलीकडे बघत होती. “ह्ये घर सकाळी सातला संपतं बग. एक ताट, एक वाटी, एक पातळ. काका होते तवा त्यांचे ते तेलाचे कपडे, दोन दोन बादल्या निघायच्या. मी शिव्या घालायची. आता सातनंतर मी करू काय? मग हिंडते.”

चहा संपला तेव्हा मी कप धुवायला मोरीकडे निघालो.

“ठेव तो,” ती म्हणाली. “माजी मी धुईन. संध्याकाळला असू दे.”

मी कप खाली ठेवला आणि परत बसलो. दुकान उघडायची वेळ होऊन गेली होती. थोड्या वेळाने मला शोधत सुनंदा दारात आली. तिने माझ्याकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. चपला काढून आत आली आणि खाटेवर मावशीच्या शेजारी ऐसपैस मांडी घालून बसली.

“मला पण चहा टाक गं मावशी,” ती म्हणाली.

मावशी उठली. फळीवर पुढे दुसरा कप नव्हता. डब्यांच्या मागे हात घालून तिने एक कप काढला, बरीच वर्षं कोणी न वापरलेला, आणि आमच्याकडे पाठ करून ती तो पदराने पुसत राहिली.