अश्विनीच्या बदल्यात

अश्विनी एका सत्रासाठी जर्मनीला शिकायला गेली, त्या दिवसापासून राहीबाई तिच्या बदल्यात येणाऱ्या मुलीची वाट पाहत होत्या. दोन कॉलेजांत विद्यार्थ्यांची अदलाबदल आहे, हे लेकीनंच सांगितलं होतं. राहीबाईंची हयात मिरजगावात गेलेली. तिथं शेजारणीनं वाटीभर खीर धाडली, तर वाटी रिकामी परत जात नसे. निदान चमचाभर साखर तरी घालत. इथं तर अख्खी पोर दिली होती.

शहरात, सावेडीतल्या फ्लॅटमध्ये त्या आता एकट्याच. टीव्हीशी बोलून पाहिलं, पण तो उलटून बोलत नाही, त्यामुळे भांडणाला रंग येत नव्हता. मग त्यांनी अश्विनीची खोली आवरली, नवी चादर घातली आणि पाहुणीसाठी बिनतिखट भाज्यांचा सराव सुरू केला. खाणाऱ्याही त्या एकट्याच. जीभ पार मेली, पण सराव मोडला नाही.

समोरच्या हसीनाभाभींना त्यांनी हे फक्त कानात सांगितलं. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं. सेक्रेटरीनं टाकी धुऊन घेतली, जिन्यात नवा दिवा लावला. दूधवाल्यानंही पाण्याचा हात आखडता घेतला. रोज कोणी ना कोणी दारात विचारी, "आली का?" राहीबाईंना ते विचारणंच आवडू लागलं. एरवी त्यांच्या दारात कोण येत होतं?

महिना सरला. दूध पुन्हा पातळ झालं, जिन्यातला दिवा सेक्रेटरीनं काढून नेला. शेवटी राहीबाई रिक्षा करून कॉलेजात गेल्या. कचेरीतल्या क्लार्कनं समजावलं, "मावशी, कागदावर अदलाबदल. आपली पोरं जातात, तिकडून इकडं कोणी फिरकत नाही."

संध्याकाळी अश्विनीचा फोन आला. राहीबाईंनी विचारलं, "तू जिच्या घरी ऱ्हातीस, त्या बाईला पोरंबाळं हायती का?"

"एकच मुलगी, ऑस्ट्रेलियाला शिकते. मी तिच्याच खोलीत आहे. बाई सारखी दारात येते, जेवलीस का विचारते. मी दार लावूनच घेते."

राहीबाईंची नजर अश्विनीच्या खोलीतल्या नव्या चादरीवर गेली. "दार लावू नगंस. जेव तिच्यासंगं."

"अगं आई, तिच्या जेवणात तिखटच नसतं."

"मी बी म्हैनाभर तेच खातीय."

फोन ठेवला तोच दारात हसीनाभाभी. "आली का ओ तुमची पोरगी?"

"लागली वाटंला," राहीबाई म्हणाल्या. "लांबून यायचंय. तवर तुमी बसा, दोन घास खा."

भाभींनी एक घास खाल्ला. राहीबाईंकडं पाहिलं. मग उठल्या आणि आपल्या घरातून वाटीभर ठेचा घेऊन आल्या.

ती वाटी आता परत द्यायची होती, आणि रिकामी तर नक्कीच नाही. उद्या काय करावं, या विचारात राहीबाईंनी बऱ्याच दिवसांनी पोटभर तिखट खाल्लं.